लांब बस

"लांब बस, चिमणे. तिथंच. पुढं नको येऊ."

बहिरूबाबांचा आवाज एवढा मोठा आला की मी शेजारच्या पेशंटची शीर शोधता शोधता थांबलो. त्यांच्या पत्नी चिमणाबाई पेजेचा डबा घेऊन आल्या होत्या. त्यांनी डबा पलंगाच्या पायथ्याशी ठेवला आणि तशाच मागे मागे सरकत खिडकीखाली जाऊन बसल्या. जमिनीवर. बाबांनी तोंडावर टॉवेल दाबला, मग पायानेच डबा जवळ ओढून घेतला.

"आन डाक्टर, तू पण तोंड बांध नीट. तुझं नाक उघडं हाय."

खरंच होतं. माझा मास्क नाकाखाली आला होता. मी वर केला.

"असं. तुझी आय तिकडं वाट बघत असंल तुझी."

बहिरूबाबा मला अरेतुरेच करायचे. मला, सरांना, सगळ्यांना. हरसूलच्या पुढे, डोंगरातल्या एका पाड्यावरचा माणूस. त्यांच्याकडे 'तुम्ही'ला कुणी विचारत नाही. आणि खरं सांगायचं तर दिवसभर 'सर, सर' ऐकल्यावर ते 'तू' बरं वाटायचं.

बाबांना वाटत होतं त्यांना टीबी झालाय.

बाबांना टीबी नव्हता. फुप्फुसाचा कॅन्सर होता. मणक्यापर्यंत गेलेला. हे मला माहीत होतं, शेखर सरांना माहीत होतं, ललिता सिस्टरला माहीत होतं, त्यांच्या मुलाला, दत्तूला माहीत होतं. झाडू मारणाऱ्या मावशींनासुद्धा माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त त्या दोघांना. एक पलंगावरचा, एक खिडकीखालची.

यात नवीन काही नाही म्हणा. आमच्या वॉर्डात कॅन्सर कुणालाच नसतो. एकाला अल्सर असतो, एकीला नुसती गाठ असते, एका आजोबांना तर मूळव्याध म्हणून सहा किमो दिल्या. नातेवाईक पहिल्या दिवशी मला कोपऱ्यात घेतात, माझा दंड धरतात आणि म्हणतात, डॉक्टर, त्यांना काही बोलू नका हां. ललिता सिस्टर म्हणते, "आपल्याकडे कॅन्सर फक्त बाहेरच्या बोर्डाला झालाय. तो पण इंग्रजीत."

मी हसतो. मग आत जाऊन मूळव्याधीची किमो लावतो.

मी बीएएमएस. वॉर्ड सांभाळणारा डॉक्टर. शेखर सर कॅन्सरचे डॉक्टर, ते राऊंडला येतात, प्रत्येक पलंगापाशी दोन वाक्यं बोलतात आणि जातात. त्या दोन वाक्यांचं उरलेला दिवसभर जे काही करायचं असतं ते मी करतो. सुई लावतो, उलट्या थांबवतो, फुप्फुसातलं पाणी काढताना पेशंटला धरून बसतो, आणि नातेवाईकांना समजावतो. समजावतो म्हणजे काय, अर्धं सांगतो आणि अर्धं झाकतो. नामपूरला आमची माय बाजारात भेटेल त्याला अहिराणीत सांगते, मना पोरगा कॅन्सरना डॉक्टर शे. मी तिला दोनदा सांगितलं की तसं नाही गं. ती म्हणते, मंग कसं शे? मला सांगता येत नाही कसं शे.

तर टीबी. टीबी कुठून आला ते मला दत्तूनेच सांगितलं होतं. मुंबई नाक्यापाशी चहा पिताना. मी त्याला मुद्दाम बाहेर घेऊन गेलो होतो.

"सर, खोकला होता, खोकल्यात रगत होतं. बाबानं विचारलं काय झालं. आश्रमशाळेत आमच्या भिंतीवर लिहिलं होतं, टीबी औषधानं बरा होतो. तेच तोंडात आलं. आमच्या पाड्यावरचे दोघं बरे पण झाले." त्याने कप दोन्ही हातांत धरला होता. "मूळव्याध म्हणलो असतो तर जमलं नसतं ना."

मला हसू आलं आणि लगेच लाज वाटली. तो पण हसला. मग आम्ही दोघं रस्त्याकडे बघत बसलो.

"दत्तू, ते आईला जवळ येऊ देत नाहीत."

"दिसतं ना माला."

"हा आजार दुसऱ्याला लागत नाही. त्यांनी हात धरला काय, एका ताटात जेवले काय, काही होत नाही. आणि त्यांच्याकडे वेळ किती आहे ते तुला सरांनी सांगितलंय."

"मंग काय करू? जाऊन सांगू, बाबा, टीबी नाय, कॅन्सर हाय, त्यापायी आयला जवळ घे?" दत्तूचा आवाज चढला, मग एकदम उतरला. "बाबा खायाचं सोडून देईल, सर. आमच्याकडं कॅन्सर म्हणलं का माणूस संपला. तुमचं काय, तुम्ही ड्युटी संपली का रूमवर जाल. माला पाड्यावर राहायचंय. लोक म्हणतील, दत्त्यानं बापाला सांगून मारला."

मी चहाचे पैसे द्यायला उठलो तर त्याने आधीच दिले होते.

बहिरूबाबा एवढे कडक का, ते मला नंतर चिमणाबाईंकडून कळलं. बाबांचा मोठा भाऊ सहादू. त्याला खरोखरचा टीबी होता, जुनी गोष्ट. तो आजारी असताना त्यांची आई त्याला मांडीवर घेऊन बसायची, त्याची उष्टी पेज प्यायची. भाऊ गेला. वर्षभरात आई गेली. बाबा तेव्हा लग्नाचे होते. त्यांनी दोघांना एकामागोमाग एक खांदा दिला.

"तवापासून त्याला खोकल्याचं भ्या," चिमणाबाई म्हणाल्या. त्या जिन्यात बसल्या होत्या, मी चढत होतो, म्हणून दोन पायऱ्या खाली मी पण बसलो. "कुणी खोकलला का हा उठून जातो. लग्नात जेवत असला तरी उठतो. माला लय हसू यायचं."

"आता?"

"आता कसलं हसू." त्यांनी पदर तोंडाला लावला, बाबांनी शिकवल्यासारखा. "डाक्टर, लगीन झाल्यापासून आमी येगळे राहिलो नाय. द्राक्षाच्या कामाला पण जोडीनंच जातो, दिंडोरीकडं. तो फांदी छाटतो, मी बांधते. एका ताडपत्रीखाली झोपतो. आता म्हणतो सहा महिने लांब राहा. राहते मी. त्याला बरं वाटाय पायजे." मग त्यांनी विचारलं, "हे सहा महिने कवा पुरे व्हतील?"

मी म्हणालो, बघू.

मी दिवसातून किती वेळा 'बघू' म्हणतो ते मला आता ऐकू येतं. आधी येत नव्हतं.

त्याच दुपारी मी शेखर सरांच्या केबिनमध्ये गेलो. ओपीडी संपली होती. सरांचा डबा उघडा होता, पोळीचा एक तुकडा मोडलेला, भाजी तशीच. सर मोबाईलवर कुणाचा तरी स्कॅन बघत होते. मी सगळं सांगितलं. टीबी, टॉवेल, खिडकी, सहादू. सरांनी शेवटपर्यंत ऐकलं. ते चांगले ऐकतात, हे मी मान्य करीन.

"मग? तुझं म्हणणं काय?"

"सर, आपण सांगू या. तुम्ही सांगा. तुमचं ऐकतील."

"मुलगा नाही म्हणतोय."

"पेशंट मुलगा नाहीये, सर."

हे माझ्या तोंडून जरा जास्तच जोरात गेलं. सरांनी मोबाईल उलटा ठेवला.

"सुनील, बस." मी बसलो. "मालेगावचे एक मास्तर होते माझ्याकडे. रिटायर्ड. हुशार माणूस. मला म्हणाले, डॉक्टर, मला सरळ सांगा, मी गणित शिकवलंय आयुष्यभर. मी सांगितलं. सरळ. मुलांना न विचारता. त्यांनी मला थँक्यू म्हटलं, हात मिळवला. घरी गेले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. कुणाशी बोलले नाहीत, जेवले नाहीत. पंधरवड्यात गेले. त्यांचा धाकटा मुलगा इथं येऊन उभा राहिला, तू बसलायस तिथं. म्हणाला, कॅन्सरने नाही मारलं, तुम्ही मारलं."

"सर, पण..."

"थांब. मला माहीत आहे तू काय म्हणणार. ते मास्तर वेगळे, हे बाबा वेगळे. असतील. मला कुठे कळतं आधी कोण कसा आहे ते? मला सेल कळतात." त्यांनी पोळीचा तुकडा उचलला आणि परत ठेवला. "या बाबांना जी किमो चालू आहे तिचा उपयोग होणार नाही, हे मला दुसऱ्या सायकललाच दिसलं होतं. तरी दिली. का दिली? मुलगा म्हणाला, काहीतरी करा. मी काही करत नाही असं म्हणायची माझी हिंमत होत नाही. म्हणून मी औषध देतो. त्यांना उलट्या होतात. मग तू उलट्यांचं औषध देतोस. असं चाललंय आपलं."

मी शेखर सरांना असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. मला वाटायचं, वर गेल्यावर हे सगळं सोपं होत असेल. पीजी झालो, कन्सल्टंट झालो की.

"तू सांगायचं नाहीस," सर म्हणाले. "उद्या मुलाने इथं गोंधळ घातला तर मी तुझ्या मागे उभा राहीन असं तुला वाटत असेल, तर आत्ताच सांगतो, नाही राहणार. मला जमणार नाही." मी दारापर्यंत गेलो तेव्हा ते म्हणाले, "तुझ्या वडिलांना झाला असता तर सांगितलं असतंस?"

माझे वडील नामपूरला आहेत, धडधाकट. पण मी खरंच विचार केला. आणि मला सगळ्यात आधी मायचा चेहरा दिसला, आणि मी मनात म्हणालो, आत्ता नको, नंतर बघू.

वॉर्डात परत आलो. बाबा खोकत होते. चिमणाबाई खिडकीखालून उठल्या, अर्ध्यावर आल्या, बाबांनी हात वर केला, त्या थांबल्या. खोकला थांबेपर्यंत तशाच उभ्या. हातात पाण्याची बाटली. मग बाटली जमिनीवरून घरंगळत पाठवली आणि परत जाऊन बसल्या.

दुसऱ्या दिवशी मी खोटं बोललो.

खोटं म्हणजे पूर्ण खोटं नाही. बाबा ॲडमिट झाले तेव्हा त्यांच्या थुंकीची तपासणी झाली होती, टीबीची. निगेटिव्ह होती. टीबी नव्हताच तर येणार कुठून. तो रिपोर्ट फाईलमध्ये मागे कुठेतरी पडून होता. मी तो काढला, बाबांच्या पलंगापाशी गेलो, मास्क काढून खिशात घातला.

"बाबा, रिपोर्ट आलाय. थुंकीत आता टीबीचे जंतू नाहीत. तुमच्यापासून आता कुणाला काही लागत नाही."

बाबा माझ्या तोंडाकडे बघत राहिले. बहुतेक माझं नाक पहिल्यांदा कायदेशीर बघत असावेत.

"कुणालाच?"

"कुणालाच नाही. माझंच बघा, मी तोंड उघडं ठेवून उभा आहे."

"हिला पण नाय?"

"यांना पण नाही. जवळ बसा, एका ताटात जेवा, काही होत नाही."

बाबांनी टॉवेल काढला. हळूच, जसं काही टॉवेलखाली चेहरा आहे की नाही याची त्यांनाच खात्री नव्हती. मग खिडकीकडे बघून ओरडले, "अय चिमणे! ऐकलं का? ये की मग! काय मुळं फुटलीत काय तिथं?"

चिमणाबाई आल्या. पण येऊन पलंगापाशी नुसत्याच उभ्या राहिल्या. कुठे बसायचं ते त्यांना कळेना. स्टूलवर बसल्या, मग बाबांनी पलंगावर हात आपटला, तेव्हा काठावर बसल्या. बाबांचा हात हातात घेतला आणि पहिलं काय बोलल्या, तर "नखं किती वाढलीत रं तुझी."

ललिता सिस्टर औषधांची ट्रॉली घेऊन आली होती. ती तशीच वळली आणि ट्रॉली घेऊन परत गेली.

पुढचे दिवस चांगले होते. मला खोटं बोलल्याचं काहीच वाटत नव्हतं, उलट मीच काहीतरी मोठं ऑपरेशन केल्यासारखा फिरत होतो. चिमणाबाई बाबांच्या पायाला तेल चोळायच्या. दोघं एकाच डब्यातून भात खायचे. बाबा त्यांना सांगायचे भात कच्चा हाय, त्या म्हणायच्या, मंग ठेव, मी खाते. बाबा मग ठेवायचे नाहीत. दत्तू माझ्याकडे बघायचा आणि मान खाली घालायचा. मी काय केलं ते त्याला कळलं होतं. तो आणि मी आता एकाच बाजूला होतो.

सर राऊंडला आले. त्यांनी पलंगाच्या काठावर बसलेल्या चिमणाबाईंना बघितलं, मग मला.

"काय सांगितलंस?" इंग्रजीत.

"थुंकीचा रिपोर्ट निगेटिव्ह आहे, एवढंच."

"खरं आहे ते," सर म्हणाले आणि पुढच्या पलंगाकडे गेले.

फक्त एकदा बाबांनी मला विचारलं, "मग मी बरा झालो ना?" मी ब्लडप्रेशर बघत होतो. कानात स्टेथोस्कोप होता. ऐकू आलं नाही असं दाखवलं. ते परत म्हणाले, "जंतू नायत म्हणजे बराच झालो की." आणि स्वतःशीच हसले. मी पट्टा सोडला आणि आकडा लिहिला.

मग स्कॅन आला. सगळीकडे वाढलं होतं. सरांनी किमो बंद केली, दत्तूला आत बोलावलं, घरी घेऊन जा म्हणाले. दुखण्याच्या गोळ्या दिल्या, कशा द्यायच्या ते मी समजावलं. दत्तूने बाबांना काय सांगितलं असेल ते मला न ऐकताच माहीत होतं. कोर्स झाला.

जाताना बाबांनी माझा हात धरला. हाताला वजनच नव्हतं. "द्राक्षाला ये दिंडोरीला. टोपलीभर देतो तुला."

"तुमची द्राक्षं आहेत का, बाबा?"

"माझी कुठं. मालकाची." डोळा मिचकावला. "तू खायला ये, मालकाला मी बघतो."

जीपमध्ये ते मागच्या सीटवर बसले. चिमणाबाई शेजारी. मी जिन्यावरून बघत होतो. बाबांनी डोकं त्यांच्या खांद्यावर टाकलं आणि जीप निघायच्या आधीच डोळे मिटले. सिस्टर म्हणाली, "बघा, एक तरी पेशंट हसत गेला." त्या दिवशी मी रूमवर जाऊन छान जेवलो. मायशी बोललो. मायने विचारलं, काय रे भाऊ, खूश शे का आज? मी म्हणालो, हो.

दत्तूचा फोन आला तेव्हा मी नव्या पेशंटची केस लिहीत होतो. व्हिडिओ कॉल. मी उठून जिन्यात गेलो. दुपार होती, तिथे कुणी नव्हतं.

दत्तूचा चेहरा स्क्रीनभर. मागे कुडाची भिंत. तो घराच्या मागे जाऊन बोलत होता, हळू.

"सर, बाबाला परत खोकला आला. परवा रगत पडलं. आता उठता पण येत नाय."

"गोळ्या चालू आहेत ना? दुखतंय का?"

"दुखणं कमी हाय गोळ्यांनी. पण सर..." तो थांबला. "त्यानं आयला परत लांब केलं."

मी फोन चेहऱ्याजवळ आणला.

"म्हणतो, जंतू परत आले. औषध बंद झालं म्हणून परत आले. ओट्यावर बाज टाकून घेतली, घरात येत नाय. आय अंगणात. मी जवळ गेलो तरी ओरडतो. आता ओरडायला दम पण नाय, तरी. सर, तुमी सांगितलं तवा ऐकलं होतं त्यानं. परत सांगा ना. तुमचं ऐकतो तो."

"फोन दे त्यांच्याकडे."

स्क्रीन हलली. अंगण, कोंबड्या, आकाश, मग ओटा. दत्तूने फोन लांबूनच धरला असणार, कारण बाबा लहान दिसत होते. बाजेवर आडवे. तोंडावर टॉवेल.

"कोण? डाक्टर का?"

"हो बाबा, मी. कसं आहे?"

"बघ की. आलं परत." टॉवेलमधून आवाज घासत येत होता. दोन शब्द झाले की थांबायचे.

"बाबा, ऐका. तुमच्यापासून कुणाला काही लागत नाही. आईंना जवळ बसू द्या."

"तवा नव्हतं लागत." श्वास. "आता रगत पडलं. सहाद्याला पण असंच. आधी बरा झाला. मग रगत. मग गेला." श्वास. "तवा माझ्या आयला कुणी लांब बस सांगितलं नाय."

"तो आजार वेगळा होता, बाबा."

"टीबीच होता."

"हो, त्याला टीबी होता."

"मग?"

मग. मी जिन्याच्या कठड्याला धरून उभा होतो. मला सरांचं ते वाक्य आठवलं की मी मागे उभा राहणार नाही. मला दत्तू दिसत नव्हता, फोन त्याच्याच हातात होता. तो ऐकत होता. मी बोललो तर तो कट करील असं वाटलं. कट केला तर बरं, असंही वाटलं.

"बाबा, तुम्हाला टीबी नाही. कधीच नव्हता. तुम्हाला कॅन्सर आहे. छातीत. तो दुसऱ्याला लागत नाही. कधीच लागत नाही. आईंना जवळ घ्या, बाबा. आता जवळ घ्या."

स्क्रीन थरथरली. पण फोन कट झाला नाही.

मला वाटलं बाबांना ऐकू गेलं नाही. मग टॉवेल हलला, आणि मला कळलं की ते हसतायत.

"लय चांगला डाक्टर हाय तू," ते म्हणाले. "हिच्यासाठी बोलतो. माला कळतं."

"नाही बाबा, खरंच..."

"तवा पण तू माझं मन राखलं. जंतू नाय म्हणला." श्वास. "माला बरं वाटलं. हिला पण. चार दिस गोडीनं गेले." श्वास. "पण आता नको. हिला झालं तर कोन बघंल? दत्त्याला सैपाक येत नाय."

"बाबा, मी खरं बोलतोय."

"व्हय, व्हय." एखाद्या पोराची समजूत काढावी तसे. "जेवला का तू?"

मी नाही म्हणालो की हो म्हणालो, मला आठवत नाही.

दत्तूने फोन खाली केला, पण बंद केला नाही. विसरला असेल. फोन ओट्याच्या कडेला ठेवला गेला असावा, कारण मला आता अंगण आडवं दिसत होतं. पलीकडच्या टोकाला, गोठ्याच्या मेढीला टेकून चिमणाबाई बसल्या होत्या. पुढ्यात सूप होतं, त्यात नागली. मी जे बोललो ते सगळं त्यांनी ऐकलं होतं, फोनचा आवाज मोठा होता. त्या फोनकडे बघत होत्या. बराच वेळ. मग त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"पेज करू का रं?" त्यांनी अंगण ओलांडून मोठ्याने विचारलं. "का भात देऊ थोडा?"

बाबांचं उत्तर ऐकू आलं नाही. त्यांना तेवढ्या लांब आवाज पोचवायला दम नव्हता. स्क्रीनच्या कडेला त्यांचा नुसता हात दिसला, बोटांनी काहीतरी सांगत होते.

"काय? कळंना माला."

परत हात.

चिमणाबाई उठल्या. गुडघ्यावर हात देऊन, सावकाश. पदर तोंडावरून खाली घेतला. अंगणात तीन-चार पावलं आल्या. त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं, फोनकडे नव्हतं, फक्त ओट्याकडे बघत येत होत्या.

बाबांनी पंजा वर केला.

त्या थांबल्या. अंगणाच्या मधोमध, उन्हात. पुढे गेल्या असत्या तर बाबांना काही उठून अडवता येणार नव्हतं. हे त्यांनाही दिसत होतं. त्या तशाच उभ्या राहिल्या, आणि मग, पुढे नाही, मागे नाही, आहेत तिथेच खाली बसल्या.

"बरं," त्या म्हणाल्या. "पेजच करते."

पण उठल्या नाहीत. रेंज गेली तोपर्यंत त्या तिथेच होत्या.